सहा माशांचा काफिला

शोभेच्या माशांच्या दुकानात गेलात तर टाकीच्या तळाशी, वाळूत तोंड खुपसून फिरणारा, बोटाच्या दोन-तीन पेरांएवढा एक मासा हमखास दिसतो. अंगावर खवले नाहीत. त्यांच्या जागी चिलखतासारख्या हाडांच्या पट्ट्या. तोंडाशी बारीक मिशा. दुकानदार म्हणतो, "हा सफाईवाला. एक टाकून द्या, टाकी साफ ठेवेल." या माशाचे नाव कोरीडोरस. बाजारात त्याला नुसते कोरी म्हणतात. गेली तीन वर्षे आमच्या यवतमाळच्या घरात या कोरींचा एक काफिला नांदतो आहे. 'सफाईवाला' आणि 'एक' या दोन शब्दांत या माशावर होणारा सगळा अन्याय सामावलेला आहे, असे आमचे आता पक्के मत झाले आहे. ते कसे झाले, हे वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटले.

आमच्या घरी मासे आले ते अम्मींमुळे. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मी दिग्रसकडचे गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. गावातले घर कायम भरलेले असायचे. कोणी ताक मागायला येई, कोणी सुनेची तक्रार घेऊन, कोणी नुसतेच ओट्यावर बसायला. इथे आम्ही दोघे नोकरीवर आणि मुले शाळेत. सकाळ नमाज, तिलावत आणि भाजी निवडण्यात निघून जाई, पण जुहर ते असरची दुपार त्यांच्या अंगावर येई. डॉक्टरकडे न्यावे असे दुखणे कोणतेच नव्हते. बोलणे कमी झाले होते, भाकरी अर्ध्यावर आली होती. धाकटी कधीपासून माशांचा हट्ट धरून बसली होती. आम्ही त्या हट्टाला होकार दिला तो अम्मींकडे पाहून. घरात काही हलते-फिरते असावे, एवढाच विचार.

पण पहिला विरोध अम्मींचाच झाला, आणि तो पाण्यावरून. "माणसांना पाणी पुरत नाही आणि तुम्ही माशांसाठी साठवणार?"

यवतमाळमध्ये हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. निळोणा आणि चापडोह या दोन प्रकल्पांवर हे शहर वर्षानुवर्षे तहान भागवत आले आहे. २०१७ चा पावसाळा दगा देऊन गेला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने जे दिवस पाहिले, ते इथला कोणीही विसरलेला नाही. टँकरमागे धावणे, ड्रमांच्या रांगा, रात्रीची जागरणे. वजूला पाणी किती घ्यावे, हे लहान मुलांनाही त्या उन्हाळ्यात शिकवावे लागले नाही. पाण्याचा इसराफ करू नये हे आपण तकरीरीत ऐकतो. त्या वर्षी ते रिकाम्या ड्रमाने शिकवले.

म्हणून आम्ही अम्मींसमोर बसून हिशेब मांडला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर पाणी मावते. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ लिटर. ते एकदाच भरायचे. त्यानंतर दर आठवड्याला एक बादली, म्हणजे १० ते १२ लिटर, काढायची आणि तेवढे ताजे पाणी घालायचे. काढलेले पाणी मोरीत ओतायचे नाही. माशांच्या विष्ठेतले नत्र त्यात उतरलेले असते, झाडांना ते खतच. अंगणातली मेंदी, मोगरा, कढीपत्ता आणि कुंडीतला पुदिना यांना तशीही बादली लागतच होती. आता तीच बादली आधी टाकीतून जाणार. आणि आमचा कूलर? वैशाखात तो एका दिवसात दोन-तीन बादल्या पितो.

अम्मींनी सगळे ऐकून घेतले आणि एक अट घातली. "पाणी आटले तर आधी कूलर बंद होईल, मग माशांकडे बघायचे. कूलरला जीव नाही." आम्ही मान्य केले. ही अट किती लवकर पाळावी लागेल, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

दुसरा प्रश्नही त्यांचाच. आम्ही म्हणालो, रंगीत मासे चार आणि तळाला हा सफाईवाला एक. त्यांनी विचारले, "एक का? हा आपल्या मुलखात एकटाच राहतो का?" थोरल्याने शोध घेतला तेव्हा उत्तर आले: नाही. कोरी कळपाने राहणारा मासा आहे.

त्याचा मुलूख दक्षिण अमेरिका. तिथल्या नद्या, ओढे, पूर ओसरल्यावर उरणारी डबकी, अशा ठिकाणी कोरींचे थवे तळाशी चरत फिरतात. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावरून जगप्रवासाला गेले, तेव्हा त्यांनी जमवलेल्या माशांमध्ये ठिपकेवाला कोरीही होता; लिओनार्ड जेनिन्स यांनी १८४२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आज घरोघरी पाळल्या जाणाऱ्या कोरींत तो आणि ब्रॉन्झ कोरी हे दोन सर्वांत परिचित. ब्रॉन्झ म्हणजे ज्याच्या अंगावर काशाच्या भांड्यासारखी हिरवट-तपकिरी झाक असते तो. ठिपकेवाल्याला थंड पाणी मानवते. विदर्भातले ऊन लक्षात घेऊन आम्ही ब्रॉन्झ निवडला. नागपूरहून बसने, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, सहा जण एकत्र आले. दुकानदाराला नवल वाटले. सहा सफाईवाले कशाला?

याचे उत्तर टाकीसमोर बसल्यावर मिळते. पहिल्या दिवशी सहाही जण एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून, गलफडे हलवत बसले होते. दुसऱ्या दिवशी एक पुढे सरकला, वाळू हुंगून परत आला. मग दोन गेले. चौथ्या दिवशी सहा जणांची रांग तळावरून फिरू लागली. एक थांबला की बाकीचे थांबतात. एक मागे पडला की दुसरा वळून त्याच्या अंगाला हलकेच धक्का देतो. हे आम्हाला आमच्या नजरेचा खेळ वाटत होते. पुढे वाचनात आले की केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमका याच ब्रॉन्झ कोरीवर अभ्यास करून २०१९ मध्ये तो प्रसिद्ध केला आहे. हे मासे एकमेकांना अंगाने ढोसतात आणि त्या स्पर्शातून कळपाचे चालणे-थांबणे जुळवतात. आधी एकमेकांची ओळख नसलेले मासेही या स्पर्शाच्या भाषेने सोबत करू शकतात. कळपात डोळे अनेक असतात, धोका कोणाला तरी आधी दिसतो. एकट्या कोरीला ही खात्री नसते. तो दिवसभर दगडाआड लपून राहतो आणि आपण म्हणतो, मासा आळशी निघाला.

आता 'सफाईवाला' या शब्दाविषयी. कोरी वाळूत तोंड घालतो, वाळूचा घास घेतो, त्यातले खाण्याजोगे ठेवतो आणि वाळू गलफडांतून बाहेर सोडतो. हे त्याचे जेवण शोधणे आहे. झाडू मारणे नव्हे. तो शेवाळ साफ करत नाही आणि दुसऱ्या माशांची विष्ठा खात नाही. वरच्या माशांनी टाकलेले उष्टे त्याला पुरेल, असे समजून लोक त्याच्यासाठी वेगळे अन्न घालत नाहीत. वरचे मासे काही उरू देत नाहीत, आणि खालचा हळूहळू खंगत जातो. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खाऊही न घालणाऱ्या आणि स्वतःचे अन्न शोधायला सोडूनही न देणाऱ्या बाईची हदीस आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. काचेच्या पेटीतला मासा त्या मांजरीहून वेगळा नाही. त्याचे सगळे दरवाजे आपण बंद केलेले असतात. त्याचा रिज्क आपल्या हातून जायचा असतो. म्हणून तळाशी बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या आणाव्यात आणि मगरिबनंतर, वरचे मासे शांत झाले की द्याव्यात. पाच-दहा मिनिटांत संपतील एवढ्याच. जास्तीचे अन्न कुजते आणि पाणी बिघडवते.

ज्यांच्या घरी मुलांनी हट्ट धरला असेल, त्यांच्यासाठी आणखी काही गोष्टी सांगतो.

टाकी आणली आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, असे करू नये. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांना विषासारखा असतो. फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस टाकीत चिमूटभर अन्न घालून, फिल्टर चालू ठेवून, माशांविना वाट पाहावी. पुढे फिल्टरचा स्पंज धुताना तो नळाखाली धरू नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नाहीतर नळातल्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात.

नगरपालिकेचे पाणी उघड्या ड्रममध्ये एक दिवस ठेवले की क्लोरीन उडून जातो. बोअरचे पाणी आमच्या जिल्ह्यात जड असते; केळापूर, झरी जामणी या भागांत तर भूजलात फ्लोराइडचाही त्रास आहे. माणसांना जे पाणी पिऊ नका म्हणतात, ते माशांनाही देऊ नये.

तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी. दुकानात मिळणारी टोकदार रंगीत खडी कोरीच्या मिशा झिजवते, आणि मिशा गेल्या की त्याचे अन्न शोधणे संपले. मासा सुस्त दिसला की टाकीत मीठ टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. कोरीला मीठ मानवत नाही. त्याच्या पाठीच्या आणि बाजूच्या परांना काटे असतात, ते जाळीत अडकतात. पकडायचा झाल्यास जाळीऐवजी वाटी वापरावी. काटा बोटाला लागला तर ठणका येतो. आपल्या नद्यांतली शिंगटी साफ करणाऱ्या बायकांना हे वेगळे सांगायला नको. कोरी तिचा दूरचा नातेवाईकच आहे.

खरी परीक्षा मे महिन्याची. बाहेर पारा ४४ च्या पुढे गेला की घरातल्या टाकीचे पाणी ३२ अंशांवर जाते. ब्रॉन्झ कोरीला २२ ते २६ अंश सुखाचे. शिवाय पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. कोरीला अल्लाहने यासाठी एक खास सोय दिली आहे. तो झपकन वर येतो, तोंडात हवेचा घोट घेतो आणि ती हवा आतड्यातून जाताना तिथल्या रक्तवाहिन्या प्राणवायू शोषून घेतात. म्हणूनच पाणी आणि झाकण यांच्यात चार बोटे मोकळी जागा ठेवावी लागते. एरवी हे वर येणे अधूनमधून दिसते. पण मिनिटामिनिटाला मासे वर धावू लागले तर समजावे, खाली दम कोंडतो आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली. त्या आठवड्यात नळही वेळेवर आला नव्हता, ड्रममध्ये पाणी तळाला होते. मासे सारखे वर धावत होते. अम्मी टाकीशी स्टूल घेऊन बसल्या. हवेचा छोटा पंप आम्ही बॅटरीवर चालणारा आणून ठेवला होता, तो लावला. टाकीचे झाकण काढले आणि आळीपाळीने वर्तमानपत्राने पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घातला. विदर्भाची हवा कोरडी. वारा लागला की पाणी उडते आणि उडता उडता टाकी गार करते. आपला माठ आणि आपला कूलर याच नियमाने चालतात. वीज पहाटे आली. तेव्हा घरातल्या ड्रममध्ये दोन बादल्या उरल्या होत्या. कूलर भरायचा की उद्या टाकीला ताजे पाणी द्यायचे, असा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. अम्मींची अट सगळ्यांच्या लक्षात होती. पुढचे तीन दिवस कूलर कोरडा राहिला. आम्ही गच्चीवर झोपलो, आणि टाकीसमोर टेबल फॅन लागला. त्याने पाणी ३२ वरून २९ वर आले. सहाही मासे वाचले, अल्हम्दुलिल्लाह. मुले कुरकुरतील असे वाटले होते, पण धाकटी गच्चीवर म्हणाली, "दादी, कूलर नाही तर आपल्याला तारे दिसले."

मग मृगाचा पाऊस आला. हवा एकदम उतरली आणि आम्ही टाकीत थोडे गार पाणी घातले. त्यांच्या मुलखातही पावसाचे गार पाणी आले की कोरींच्या विणीचे दिवस सुरू होतात. दुसऱ्या दिवशी फजरनंतर अम्मींनी सगळ्यांना हाक मारली. मादी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत दोन-तीन अंडी धरून काचेपाशी येत होती, जागा पाहून ती चिकटवत होती आणि पुन्हा जात होती. साबुदाण्याहून बारीक, दुधी अंडी. मोठे मासे आपलीच अंडी खातात, म्हणून ती बोटाने अलगद सोडवून वेगळ्या डब्यात ठेवली. बरीचशी बुरशीने गेली. चौथ्या दिवशी काही फुटली. महिन्याअखेर सात पिल्ले उरली, नखाएवढी, पण मिशा मोठ्यांसारख्याच.

मासे पाहून अम्मी बऱ्या झाल्या, असे आम्ही म्हणणार नाही. माणसाची जागा मासा घेत नाही. झाले ते असे, की गल्लीतली मुले असरच्या सुमारास मासे बघायला येऊ लागली. मुलांना शोधत त्यांच्या आया आल्या. अम्मी कोणाला माशांचे सांगत, कोणाला लोणच्याचे. आणि आमच्याही ध्यानात एक गोष्ट आली. अम्मींना आम्ही खोली दिली होती, पंखा दिला होता, वेळेवर औषध देत होतो. त्यांचा काफिला मात्र दिग्रसकडे राहिला होता. आता महिन्यातून दोनदा त्या गावी जाऊन येतात आणि उन्हाळ्यात खाला इकडे येऊन राहतात. घरात आणलेल्या जीवाला दाणापाणी आणि जागा दिली की आपले कर्तव्य संपते, असे आपण धरून चालतो. त्याला त्याच्या जातीची सोबतही लागते. माशाचे दुखणे काचेतून दिसते. माणसाचे दिसायला घरातल्यांनी थोडे थांबावे लागते.

एक विनंती मात्र हात जोडून. मासे जड झाले, टाकी फुटली, बदली झाली, तर ते निळोण्यात, बेंबळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. दया म्हणून केलेले हे काम पुढे शेकडो जीवांच्या मुळावर येते. दुकानात 'सकर' नावाने मिळणारा, काचेला चिकटणारा मासाही दक्षिण अमेरिकेचाच. असाच कोणीतरी सोडलेला तो आज सोलापूर-पुण्याकडच्या उजनी जलाशयात पसरला आहे आणि तिथले मच्छीमार त्याच्या काट्यांनी फाटलेली जाळी शिवत बसतात. नको झालेला मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या घरी द्यावा.

आमच्यावरही ती वेळ आली. सहा मोठे आणि सात वाढती पिल्ले, ४५ लिटरमध्ये तेरा जण दाटी करू लागले. शेजारचा पाचवीतला मुलगा महिनाभर मागे लागला होता, "दादी, मला एक द्या ना. एकच." अम्मींनी त्याला बसवून घेतले. टाकी किती मोठी, पाणी कोण बदलणार, ईदला गावी गेलात तर कोण बघणार, सगळे विचारले. मग म्हणाल्या, "एक मिळणार नाही. सहा घेऊन जा, नाहीतर इथे येऊन बघत जा." त्याच्या अब्बांनी रविवारी टाकी आणली. दीड महिना ती माशांविना चालली. मग पिल्लांपैकी सहा वाटीने पकडून, स्टीलच्या डब्यात घालून, मुलगा दोन्ही हातांनी डबा धरून आपल्या घरी घेऊन गेला.

सातवे आमच्याकडे राहिले. संध्याकाळपर्यंत ते मोठ्यांच्या रांगेत शेवटचे लागले होते.